वैद्याच्या घरातली अडगळ

आमच्या जळकोटात वर्षाची साफसफाई दोन हप्त्यांनी होते. घटस्थापनेपूर्वी घरातल्या वाकळा, गोधड्या, चिंध्या ओढ्यावर जाऊन धुऊन येतात, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात फिरतो, उतरंडीची गाडगी उन्हात बसतात. दिवाळीच्या तोंडावर पाळी येते ती कागदांची. रद्दीवाल्याचा हातगाडा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, की ज्याच्या घरी पोर शाळेत जाते आणि ज्याच्या घरी मास्तर राहतो, अशा दोन्ही घरांतून गठ्ठे बाहेर पडतात. मी मास्तर असल्याने माझ्या घरचा गठ्ठा नेहमीच जड.

बारा वर्षांपूर्वी असाच एक गठ्ठा मी किलोच्या भावाने देऊन टाकला. त्यात आठवीच्या मुलांचे तपासून झालेले निबंध होते. विषय मीच दिला होता, 'माझे घर'. पुढच्या आठवडी बाजारात वर्गातल्या एका मुलाने दोन रुपयांचे शेंगदाणे घेतले आणि त्याची पुडी उलगडली, तर आत सोबत्याचे अक्षर. वर नाव, हजेरी क्रमांक, सगळे शाबूत. बाप पिऊन येतो तेव्हा आई कुठल्या कोपऱ्यात बसते, हे त्या पोराने फार सरळ लिहिले होते. मी शेवटी 'छान' असा शेरा मारून दहापैकी आठ गुण दिले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तो कागद वर्गात मोठ्याने वाचला गेला. पोरगा आठ दिवस शाळेत आला नाही. आला तो पुष्कळसा पूर्वीसारखाच आला, पण दहावी होईपर्यंत त्याने पाच ओळींपेक्षा लांब निबंध कधी लिहिला नाही. घर साफ करताना माणूस काय काय बाहेर टाकतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागलेला आहे.

तो पुन्हा वर आला त्याला निमित्त माझी भाची. ती लातूरला राहत्या घरातच समुपदेशनाचे काम करते. लातूर पॅटर्नचे नाव ऐकून गावोगावची मुले तिथे शिकवण्यांना येऊन राहतात. त्यांतली झोप उडालेली, जेवण तुटलेली मुले आणि त्यांचे घाबरलेले आईबाप तिच्याकडे येतात. तीन खोल्यांचे घर. बाहेरची खोली सकाळी दिवाणखाना, दुपारी दवाखाना, रात्री मुलांची अभ्यासिका. गेल्या वर्षी कुठल्याशा पुस्तकात वाचून तिने घर आवरायला काढले. सहा महिन्यांत हात न लागलेली वस्तू टाकायची, असा त्या पुस्तकाचा नियम. तीन रविवार खपून तिने कपाटे रिकामी केली. पुढे मी गेलो तर चेहरा होता तसाच. मला म्हणाली, "मामा, सामान काढून काय करू? पेशंटचं बोलणं कुठं ठेवू ते सांगा की. भाकरी थापताना पण तेच कानात घुमतंय."

मी मॅट्रिक झालेला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून मानसशास्त्रातले मला ओ की ठो कळते असे नव्हे. परंतु इतिहासाची आवड असलेल्या माणसाची एक खोड असते. त्याला कोणी आजची अडचण सांगितली, की तो ती पूर्वी कोणाला आली होती हे शोधायला निघतो. मीही निघालो, आणि माझ्या ध्यानात आले की तिचा प्रश्न कपाटांचा नसून उंबरठ्याचा आहे. आजारी माणूस आणि बरा करणारा माणूस यांच्यामध्ये कोणाचा उंबरठा पडतो, याचा एक लांबलचक इतिहास आहे.

आरंभी तो उंबरठा रोग्याचा होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात शिष्याने घ्यावयाची शपथ आहे. वैद्य रोग्याच्या घरी जातो हे तिथे गृहीतच धरलेले आहे. घरच्यांना ठाऊक असलेल्या, ज्याला प्रवेशाची मोकळीक आहे अशा माणसाबरोबर जावे, आत गेल्यावर वाणी, मन आणि बुद्धी रोग्यावाचून दुसरीकडे जाऊ देऊ नये, आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा तिचा भावार्थ. पाहा, किती सोपी व्यवस्था! रोग्याचे गुपित रोग्याच्याच घरात राहते. वैद्याने येताना फक्त ते बरोबर आणायचे नाही. त्याच्या स्वतःच्या घरात अडगळ व्हायला त्यात जागाच नाही.

पुढे केव्हातरी रोगी वैद्याच्या दारी येऊ लागला. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांची बांधणी ज्याने पाहिली असेल त्याला ढाळज सांगावी लागणार नाही. दिंडी दरवाजातून आत आले की दोन्ही हातांना उंच ओटे, त्यांवर माळवदाची सावली. पुढे चौक, चौकापलीकडे ओसरी, आणि मग माजघर. परका माणूस ढाळजेपर्यंत, ओळखीचा ओसरीपर्यंत, सोयरा माजघरापर्यंत. निजामी अमदानीत तालुक्याच्या गावी वैद्य किंवा हकीम बसायचा तो या ढाळजेत. कोनाड्यात बरण्या, खुंटीला पिशवी, पुढ्यात खल. दिवेलागणीला तो उठून चौक ओलांडून आत जाई आणि दवाखाना आपोआप बंद होई. घर आणि धंदा वेगळे ठेवायला त्याला कुठले पुस्तक वाचावे लागले नाही. वाड्याच्या गवंड्यानेच ती सोय करून ठेवलेली होती.

परंतु या व्यवस्थेत एक उणीव होती. ढाळज ही गावची बसायची जागा. वैद्याचे घर रोग्यापासून सुरक्षित होते, पण रोगी गावापासून नव्हता. ताप, खोकला, मूळव्याध यांचे काही बिघडत नसे. नाडी धरली, पुडी दिली, काम झाले. पण ज्या बाईला रात्रभर झोप येत नाही, जिचे मन संसारातून उडाले आहे, तिने चार टाळकी बसलेल्या ढाळजेत काय बोलावे? ती बोलत नसेच. ती देवऋष्याकडे जाई, दर्ग्याला जाई, अंगात आले की घुमत घुमत बोलून घेई. मनाच्या दुखण्याला दार लावता येईल अशी खोली लागते. ती खोली आमच्या वाड्यात नव्हती.

अशी खोली कशी असावी, हे ज्या घरात बारकाईने ठरत गेले ते घर आपल्याकडचे नव्हे. ते ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात, बर्गगासे नावाच्या रस्त्यावर एकोणीस क्रमांकाचे. डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड १८९१ साली तिथे राहायला गेला आणि १९३८पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, त्याने तिथेच बिऱ्हाड आणि तिथेच व्यवसाय केला. आमच्या भाचीची अडचण त्याला पुरेपूर होती. बायको, सहा मुले, पुढे कायमची राहायला आलेली मेहुणी, मोलकरणी, आणि त्यातच मनाची गाठोडी घेऊन येणारी माणसे. १८९६च्या सुमारास त्याने त्याच इमारतीत खालच्या बाजूला तीन खोल्या निराळ्या घेतल्या. १९०८ साली बहिणीने समोरची जागा सोडली तेव्हा दवाखाना पुन्हा वर, बिऱ्हाडाच्या शेजारी आणला. म्हणजे या थोर माणसालाही सतरा वर्षे खोल्यांची मांडामांड करावी लागली. रोग्याला आत येण्याचे दार एक आणि जाण्याची वाट दुसरी अशी त्याने सोय केली, की बाहेर बसलेल्या पुढच्या माणसाची गाठ पडू नये. प्रत्येकाला तासाला पाच मिनिटे कमी इतका वेळ. दुपारी एकच्या ठोक्याला घरच्या टेबलावर जेवण. मग शहरातून पायी फेरी. तीनपासून पुन्हा काम. घड्याळ हीच त्याची भिंत होती.

आता कोणी म्हणेल, असा टापटिपीचा माणूस खोलीतही मोकळाढाकळा असेल. छे! त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. इजिप्त, ग्रीस, रोम इथल्या जुन्या मूर्ती आणि भांडी त्याने गोळा केली ती दोन हजारांच्या वर. कपाटांत, टेबलावर, जमिनीवर, जिकडे तिकडे दगडी देव. त्यांतच एक हस्तिदंती विष्णू. तो १९३१ साली त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याहून गेला होता. उलट कागदांच्या बाबतीत हा माणूस विलक्षण निर्दय. २८ एप्रिल १८८५ला, अजून लग्नही व्हायचे होते तेव्हा, त्याने भावी बायकोला कळविले की मागच्या चौदा वर्षांची टिपणे, पत्रे, हस्तलिखिते आपण नष्ट केली. घरच्या पत्रांना तेवढा हात लावला नाही. वय एकोणतिसाच्या आत! चरित्रकारांची पंचाईत होईल, म्हणून तो वर खूषही झाला होता. घर आवरण्याचे पुस्तक लिहिणाराने त्याची खोली पाहिली असती तर कपाळाला हात लावला असता. पण मला त्याचा हिशेब पटतो. दगडी मूर्ती काही बोलत नाही. कागद बोलतो. माझ्या शेंगदाण्याच्या पुडीने मला तेच शिकविले होते.

इथवर फ्रॉइड भाचीला उदाहरण म्हणून सांगण्यासारखा आहे. पुढचे सांगताना जीभ अडखळते. ज्याने रोग्यांसाठी दोन वाटा केल्या, त्याने १९१८पासून आपल्या धाकट्या लेकीचे, अ‍ॅनाचे, मनोविश्लेषण स्वतःच केले. दिवसभर बापाच्या टेबलावर जेवणारी मुलगी बापाच्याच कोचावर पडून आपल्या मनातले सांगू लागली. हे कित्येक वर्षे चालले आणि बाहेर फारसे कोणाला कळू दिले नाही. पुढे अ‍ॅना स्वतः या शास्त्रात नावाजली, १९२३पासून त्याच घरात तिचाही व्यवसाय सुरू झाला, बापलेकींच्या रोग्यांना बसायची खोली एकच होती. चांगले झाले असेल. परंतु सगळ्या जगाला दार लावायला शिकविणाऱ्या माणसाचे एक दार स्वतःच्या माजघराकडे सताड उघडे राहिले होते, हे काही नाकारता येत नाही.

१९३८च्या जूनमध्ये नाझींमुळे त्याला ते घर सोडावे लागले. त्याआधी मे महिन्यात एडमुंड एंगेलमान या छायाचित्रकाराने प्रत्येक खोलीची छायाचित्रे घेऊन ठेवली. लंडनला सामान पोचले तेव्हा मूर्ती पूर्वीच्याच क्रमाने मांडल्या गेल्या, कोचही लागला. पुढच्या वर्षी २३ सप्टेंबरला त्याच घरात त्याचा अंत झाला. बिऱ्हाड मोडले तरी खोली मोडू दिली नाही.

विष्णूची मूर्ती धाडणारे कलकत्त्याचे गृहस्थ म्हणजे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण मंडळ काढले ते आपल्या १४, पारशीबागान लेन या घरात. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार १९३७पर्यंत चालला. भेट मात्र कधी झाली नाही. या घरात थोरले बंधू राजशेखर बोस यांच्या विनोदी कथांचे वाचन चाले, मित्रांचा अड्डा भरे. व्हिएन्नाचे घड्याळ आणि दारे एका बाजूला, आणि ही बंगाली एकत्र कुटुंबाची गजबज दुसऱ्या बाजूला. मला वाटते, आपल्याकडच्या उपचारकाला फ्रॉइडपेक्षा बोसांचे घर अधिक ओळखीचे वाटेल. घरात माणसे असणारच. त्यांना कुठे टाकणार?

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. बोसांच्या मंडळाच्या एक वर्ष आधी, १९२१ साली, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी असेच केंद्र उघडले होते. कर्वे डॉक्टर नव्हते, विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. तरीपण मराठी माणसाने जी गोष्ट डॉक्टरलाही सांगितली नसती ती ऐकण्यासाठी घर उघडे ठेवणारा हा पहिल्यांतला पहिला मनुष्य. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा. पण बापाच्या कामाला जो मान मिळाला त्याचा शतांश मुलाच्या कामाला मिळाला नाही. कॉलेजला हे काम खपेना, म्हणून १९२५ साली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक निघाले. लेखक तेच, संपादक तेच, मुद्रिते तपासणारे तेच. मालतीबाईंचा हात त्या सगळ्या व्यापाला लागलेला होता. या नवराबायकोंनी मूल होऊ दिले नाही, तेही विचारपूर्वक. घर आणि काम यांत भिंत नव्हती, आणि असावी असे त्यांना वाटलेही नसावे. घर हेच काम होते.

लोक पत्रे पाठवीत आणि कर्वे मासिकातून उत्तरे देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या वतीने उभे राहिले. लोकांना पडलेल्या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे देणे हा गुन्हा कसा, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. खटला गेला, कर्व्यांना दंड भरावा लागला. मालतीबाई आधी गेल्या; कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ला वारले आणि त्यांच्यामागोमाग मासिकही थांबले. सव्वीस वर्षे एका माणसाने परक्यांची गाठोडी आपल्या घरात उतरवून घेतली. त्यांचे कौतुक करताना मला नेहमी एक शंका येते. जे घर कधीच बंद झाले नाही, त्या घरातल्या माणसांना विसावा कुठे मिळाला असेल? कर्व्यांच्या निष्ठेपुढे हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण भाचीचा प्रश्न नेमका तोच आहे, आणि ती कर्वे नाही. तिला दोन लेकरे आहेत.

उंबरठाच नसला तर काय होते तेही आमच्या भागाने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा शाळकरी पोर. जळकोटलाही जमीन हलली, आम्ही अंगणात आलो आणि पुढे कित्येक रात्री अंगणातच झोपलो. किल्लारीकडे माळवदाचीच घरे माणसांवर बसली होती, हजारो गेले. वाचलेल्यांची वस्ती पत्र्याच्या खोल्यांत झाली. तिथे रडणाऱ्याला कोपरा नव्हता आणि ऐकणाऱ्याला खोली नव्हती. पुढे कामानिमित्त त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा एका म्हातारीने मला विचारले, "गुरुजी, जरा तिकडं लिंबाखाली चलता का? इथं पत्र्याला कान हायती." ती काय बोलली ते मी कुठे लिहिलेले नाही.

त्यानंतर पुष्कळ बदलले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला आपली गोष्ट गुप्त राहण्याचा हक्क दिला; चरकाने जे शपथेवर सोपविले होते ते आता कलमात आले. आणि २०२०च्या टाळेबंदीत तर उंबरठ्यांची सगळी उलथापालथ झाली. भाची आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी फोन घेऊन बसे आणि पलीकडचा मुलगा आपल्या घरच्या गच्चीवर जाऊन कुजबुजे. दोघेही आपापल्या घरी, आणि दोघांनाही घर नाही! रोग्याच्या घरून निघालेली, वैद्याच्या घरी आलेली गोष्ट आता एकाच वेळी दोन्ही घरांत सांडू लागली.

या सगळ्या वाचनातून मी भाचीसाठी काय नेले? फार थोडे. गेल्या उन्हाळ्यात लातूरला गेलो तेव्हा आम्ही दोघांनी तिचे घर एकदा ढाळजेच्या डोळ्यांनी पाहिले. बाहेरच्या खोलीला जिन्याकडे एक बंद केलेले दार होते, त्यापुढे शिवणयंत्र ठेवलेले. यंत्र आत नेले, दार उघडले. आता येणारा पुढून येतो आणि जाणारा जिन्याने उतरतो. कागदांसाठी एक लोखंडी पेटी आणली, किल्ली तिच्या गळ्यात. पेटीतले कागद मुदत भरली की तिने स्वतःच्या हाताने फाडून जाळायचे, रद्दीत चिटोरेही जाऊ द्यायचे नाही, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतले. ते का, हे तिने विचारले नाही. पुडीची गोष्ट तिला ठाऊक आहे. मूर्ती, तोरणे, मुलांनी केलेली मातीची बैलजोडी, हे सगळे पुन्हा फळीवर आले. संध्याकाळी सात वाजता शेवटचा माणूस गेला, की ती खोलीतली चादर बदलते, तोंड धुते आणि जिन्याने खाली जाऊन चौकापर्यंत चालून येते. त्या पंधरा मिनिटांत फोन घरी असतो. माझी बहीण पहिल्यांदा रागावली. "पोरी, दिवेलागणीच्या वक्ताला बाहेर कुठं जातीस गं?" आता तीही तिच्याबरोबर जाते, पण बोलायचे नाही या अटीवर.

भाकरी थापताना अजून कानात घुमते का, असे मी मागच्या महिन्यात फोनवर विचारले. "कधी कधी घुमतंय, मामा. रोज नाही," म्हणाली.

माझ्या घरची कागदांची पाळी या आठवड्यात आली आहे. निबंधांचे गठ्ठे आता रद्दीवाल्याकडे जात नाहीत, पाणी तापवायच्या बंबात जातात. बायको म्हणते, तुमच्या पोरांच्या मराठीने पाणी लवकर तापते. ती जुनी पुडी मात्र मी सरळ करून माझ्या पेटीत ठेवलेली आहे. तेलाचे डाग पसरले आहेत, पण अक्षर वाचता येते. तो मुलगा आता पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात आहे आणि लक्ष्मीपूजनाला गावी येतो. भेटला की पाया पडतो. कागद त्याचा आहे, तेव्हा तो त्याला द्यावा, की त्याला न विचारता बंबात घालावा, हे बारा दिवाळ्या झाल्या तरी माझे ठरलेले नाही. पेटी उघडून आत्ताच पाहिले. आहे तिथेच आहे.